किलियानकडचं यीस्ट

कढईला उकळी फुटली की हेडविग डोर्श डबा उचलायची आणि निघायची. तिचा बाप सायकलवर जायचा, ही गाडीतून जाते, एवढाच काय तो फरक. इकडे बिअरसाठी माल्टचा गोड काढा हॉप्सच्या कडू फुलांबरोबर खदखदत राहायचा, नवरा बेर्टल लाकडं सारत बसायचा, आणि काढा निवेपर्यंत ही शेजारच्या वायरबाखहून किलियान रोथकडचं ताजं यीस्ट घेऊन परत यायची. जर्मनीतल्या आमच्या फ्रांकन भागात हे असंच चालत आलेलं. किलियान दर आठवड्याला भट्टी लावणारा, त्याचं यीस्ट कायम जोमात. हेडविगचं गाव लहान, गिऱ्हाईक कमी, तिची कढई महिन्यातून एखाद-दोनदा तापणार. तेवढे दिवस यीस्ट नुसतं पडून राहिलं की मरगळतं. म्हणून त्याच्याकडून आणायचं, आणि त्याचं कधी नासलं तर त्याने हिच्याकडून न्यायचं. दोन्ही घरांत आजोबांच्या वेळेपासून तेच एक यीस्ट फिरत होतं, मुळात ते कुणाचं हे देवालाच ठाऊक. त्याचे पैसे कुणी कधी घेतले नाहीत, आणि मागायला आलेल्याला कुणी कधी नाही म्हटलं नाही.

मंगळवारी हेडविगने रीतीप्रमाणे फोन केला होता.

"शुक्रवारी भट्टी लावतेय, किलियान. केर्वाची. यीस्ट आहे ना?"

"असायला काय झालंय," तो म्हणाला. "ये."

केर्वा म्हणजे गावच्या चर्चची जत्रा. ऑगस्टअखेरीला मंडप पडतो, चार दिवस अख्खं गाव आणि पंचक्रोशी तिथे खाते-पिते-नाचते. मंडपातली बिअर आजवर डोर्शांची. पण गेल्या वर्षी हेडविगची बिअर तिसऱ्या दिवशी संपली, आणि मंडपवाल्या पोरांना ऐन वेळी बिअरच्या मोठ्या कारखान्याचा टँकर मागवावा लागला. पोरं तोंडावर म्हणाली, या खेपेला कमी पडली तर पुढच्या वर्षीपासून टँकरच. मंडप गेला तर कढई ठेवण्यात अर्थ नव्हता. गावातल्या खानावळीत चार म्हातारे जेवढी पितात, तेवढ्यावर भट्टी चालत नाही. म्हणून यंदा तिने कढई काठोकाठ भरली होती, घरातलं होतं-नव्हतं तेवढं माल्ट ओतून.

वायरबाखला किलियानच्या अंगणात शिरताच तिला टाक्या धुण्याच्या कॉस्टिक सोड्याचा वास आला. पांढऱ्या दोन गाड्या, रबरी बूट घातलेली परकी माणसं, तळघराच्या दारातून बाहेर आलेला जाडजूड पाइप. आणि भिंतीलगतच्या बाकावर स्वतः किलियान, इस्त्रीचा शर्ट घालून. शुक्रवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घातलेला किलियान तिने जन्मात पाहिला नव्हता.

"हे काय चाललंय?"

"धुताहेत."

"ते दिसतंय मला. कोण आहेत हे?"

किलियानने मान वर केली नाही. "विकलं मी, पोरी. कारखान्याला."

हेडविग हातातला डबा घेऊन तशीच उभी राहिली. आत कुणीतरी टाकीवर फवारा मारत होतं, त्याचा आवाज अंगणभर घुमत होता.

"यीस्ट?"

"काल गेलं. गटारात. हे सोमवारी यायचे होते, तुझ्यापुरतं मी बाजूला काढून ठेवणार होतो. कालच येऊन उभे राहिले. मी म्हटलं, एक डबा राहू द्या, तर त्यांचा माणूस म्हणाला, टाकी रिकामी करूनच ताबा घ्यायचा हुकूम आहे."

"आणि काल संध्याकाळी? तुझ्या घरात फोन नाही? हात मोडले होते का तुझे?"

"हातात घेतला होता फोन."

"मग?"

"मग ठेवला," किलियान म्हणाला. "काय सांगणार होतो? आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही मी. जीभच वळेना."

आता या माणसाचं काय करायचं सांगा. हेडविगला वाटलं, तो डबा त्याच्या डोक्यात घालावा. एक शब्द बोलला असता तर तिने पहाटे चूल पेटवलीच नसती, माल्ट पोत्यात राहिलं असतं, दोन आठवडे उशीर झाला असता तर झाला असता. आता तिकडे कढईभर काढा उकळून तयार होत होता, बाहेर जुलैचं ऊन मी म्हणत होतं, आणि निवलेल्या काढ्यात त्याच दिवशी यीस्ट पडलं नाही तर हवेतलं नको ते त्यात शिरतं आणि सकाळपर्यंत त्याला आंबूस वास मारायला लागतो. मग तो डुकरांना घालायचा.

"माझा काढा उकळतोय, किलियान," ती म्हणाली. इतक्या हळू आवाजात की किलियानला तिचा बाप आठवला. तोही चिडला की हळू बोलायचा.

"मला माहितीय."

"माहितीय काय, ऊठ. गाडीत बस. डबा धर मांडीवर. आज मला यीस्ट मिळेपर्यंत तू घरी यायचं नाहीस."

किलियान उठला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, मुकाट्याने गाडीत बसला आणि रिकामा डबा दोन्ही हातांनी धरून बसला. त्याच्या बायकोने, लोटेने, खिडकीतून पाहिलं, पण कुठे निघालात असं विचारायची तिची हिंमत झाली नाही.

हेडविगने आधी टीफेनरोथ गावच्या पेटरला फोन लावला. या अख्ख्या खोऱ्यात आता स्वतःची कढई तापवणारा तेवढा एकच उरला होता.

"पेटर, यीस्ट आहे का रे? डबाभर. आत्ता हवंय."

"माझ्याकडे कुठलं?" पेटर म्हणाला. "मी तर किलियानकडून नेतो. सोमवारी जाणारच आहे, बोलून ठेवलंय. तू पण त्याच्याकडेच बघ ना."

हेडविगने गाडी कडेला घेतली आणि फोन किलियानच्या कानाला लावला.

"सांग त्याला."

किलियानने घसा साफ केला. बराच वेळ नुसता घसाच साफ केला. मग म्हणाला, "पेटर, सोमवारी येऊ नकोस." आणि पलीकडून पेटर काय काय बोलला ते हेडविगलाही ऐकू आलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

"आणखी किती जणांना ये म्हणून ठेवलंयस?" फोन खिशात टाकत तिने विचारलं.

"तुम्हा दोघांनाच."

"धन्य आहेस बाबा तू."

तिला सगळ्यात जास्त चीड या गोष्टीची आली होती की तिने हे कधी लक्षातच घेतलं नव्हतं. बापाच्या वेळी या रस्त्यावर गावागणिक एक भट्टी होती. एकाचं यीस्ट नासलं तर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचं संपलं तर तिसऱ्याकडे, कुणाचं ना कुणाचं जोमात असायचंच. मग एकेक बंद झाली. प्रत्येक वेळी गावात चार दिवस हळहळ झाली, आणि खरं बोलायचं तर हेडविगच्या मनात दर वेळी हेही आलं की बरं झालं, चार गिऱ्हाइकं आपल्याकडे येतील. आली नाहीत ती गोष्ट वेगळी. पण भट्टीबरोबर यीस्टही गेलं, आणि उरलेले सगळे एका किलियानच्या जिवावर जगत होते हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. किलियानच्याही नाही.

होहेनलिंडमधून जाताना खानावळीवर जुनीच पाटी होती, सोनेरी हंस आणि खाली नाव. त्यापुढच्या गावात पाटीवर रेडा. त्यापुढे मुकुट. नावं तिन्ही वेगळी, लेबलं वेगळी, आणि बिअर तिन्हींची एकाच टाकीतली, कारखान्यातून येणारी.

"तुझं काय काढणार आहेत पाटीवर?" हेडविगने विचारलं.

"नाव तेच राहणार. रोथ. वरती माझा फोटो पण टाकणार म्हणाले."

"हसरा?"

किलियानने मांडीवरचा डबा सरळ केला. म्हणाला, "पोरगी श्टुटगार्टला. जावई कॉम्प्युटरवाला, त्याला बिअरने पित्त होतं. माझे गुडघे गेलेत. टाकीत उतरून घासायचं म्हणजे चढून यायला लोटे हात देते मला. कुणाला देऊ भट्टी, सांग."

हेडविगने स्वतःच्या गुडघ्यांचाही फार विचार कधी केला नव्हता.

"विकलंस त्याबद्दल नाही म्हणत मी," ती म्हणाली. "ये म्हणालास, त्याबद्दल बोलतेय."

यीस्ट विकणाऱ्या प्रयोगशाळेतून मागवायचं तर कुरिअर मंगळवारी, असं तिथल्या बाईने फोनवर गोड आवाजात सांगितलं. मग किलियानला आठवलं की बामबेर्गच्या वाटेवर जुन्या गिरणीत एका पोराने नवी भट्टी काढलीय. तिकडे गेले. पोरगा चांगला होता. लेनार्ट त्याचं नाव, उत्तरेकडचा, दाढीवाला. त्याची कढई आरशासारखी चकचकीत, भिंतीवर खडूने आठ प्रकारच्या बिअरची नावं, एकीत आंबा, एकीत मिरी. त्याने सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला, आणि फ्रीज उघडून कोरड्या यीस्टची पाकिटं काढून समोर ठेवली.

"लागतील तेवढी न्या. पण हे उबेत काम करणारं आहे. तुमच्या थंड तळघरात हे झोपून जाईल. आणि उबेत ठेवलंत तर तुमची बिअर तुमची राहणार नाही, केळ्यासारखी लागेल."

"थंडीतलं नाही तुझ्याकडे?"

"नाही हो. त्याला महिना लागतो, तेवढे दिवस टाकी अडवून ठेवायला मला परवडत नाही." मग तिला धीर द्यावा म्हणून तो म्हणाला, "पण निराश होऊ नका. परवाच पेपरात होतं, युरोपात भट्ट्या कमी होत नाहीयेत, उलट पूर्वीपेक्षा कितीतरी वाढल्यात."

"त्यात तुला मोजलंय?" किलियानने विचारलं.

"हो, म्हणजे असणारच."

"आणि मला?"

लेनार्ट गोंधळला. "तुम्ही पण असाल. नाव चालू आहे ना तुमचं?"

हेडविगला हसू आलं आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बाहीने पुसलं. भट्ट्या वाढल्यात. असतीलही. वाढलेल्यांपैकी एकाकडेही तिला लागणारं डबाभर यीस्ट नव्हतं, आणि घटलेल्या सगळ्यांकडे होतं. हे पेपरवाल्याला कुठल्या रकान्यात घालता येणार होतं?

बेर्टलचा फोन आला. आच काढलीय, काढा निवायला टाकलाय, आणि ही आहे कुठे?

"येतेय," ती म्हणाली. मग गाडी सुरू केली, पण गिअर टाकला नाही.

"कारखान्यात जाऊ," किलियान म्हणाला.

"मी त्यांच्या दारात भीक मागायला जाणार नाही."

"भीक कसली? माझं यीस्ट आहे त्यांच्याकडे. गेल्या महिन्यात नमुना घेऊन गेलेत. आपलं यीस्ट आहे ते, तुझं नि माझं. तेच मागू."

हे ऐकून ती गेली. आपलं आपण आणायला जातोय, अशी मनाची समजूत घालून गेली.

कारखान्याच्या फाटकावरच्या माणसाने किलियानला ओळखलं, त्याचा फोटो आत कुठेतरी लागलाही असावा. कारखान्याच्या प्रयोगशाळेतली बाई खाली आली. मिरियाम म्हणून, तिशीची, पांढरा डगला, पायात चपला. हेडविगने मनातल्या मनात भांडणाची पूर्ण तयारी केली होती आणि ही बाई निघाली साधी, लाघवी. तिने दोघांना बसायला खुर्च्या दिल्या, थंड पाणी दिलं.

"रोथचं यीस्ट आहे आमच्याकडे," ती म्हणाली, "पण एवढंसं." तिने करंगळी दाखवली. "नळीत, फ्रीजरमध्ये. ते वाढवून टाकीपुरतं करायला मला आठवडा-दीड आठवडा लागेल. आणि तसंही ते बाहेर द्यायचं म्हणजे मुख्य कचेरीची परवानगी. ते आता कंपनीचं आहे ना."

"माझं आहे ते," किलियान म्हणाला.

"तुम्ही सही केलीत, आजोबा. नाव, कृती आणि यीस्ट."

"मला वाटलं, भिंती नि नाव विकतोय."

मिरियामने मुख्य कचेरीला फोन लावूनही पाहिला. शुक्रवारची दुपार झाली होती, कुणी उचलला नाही. मग ती हेडविगकडे वळली. "थंडीतलंच हवंय ना? आमचं रोजचं देऊ का? आजच निघालंय, एकदम ताजं. एक डबा काय, पिंपभर न्या. आम्ही रोज ट्रक भरून गुरांच्या खाद्याला पाठवतो."

"त्याचे पैसे?" हेडविगने विचारलं.

"छे, पैसे कसले. यीस्टचे पैसे कोण घेतं?"

हे वाक्य तिने लहानपणापासून ऐकलं होतं. इथे ते ऐकून तिच्या डोक्यात तिडीक गेली. पण त्या बाईवर ओरडायचं तरी कशासाठी? ती देतच होती, हसून देत होती. तिचा काही दोष नव्हता. कुणाचाच धड दोष नव्हता आणि म्हणून ओरडायलाही जागा नव्हती. यीस्ट बदललं की चव बदलते हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं आणि कुणी ते बोललं नाही. तिकडे काढा निवत होता. हेडविगने किलियानच्या मांडीवरचा डबा घेतला आणि पुढे केला.

भिंतीतल्या नळातून ते जाड, पिवळसर, फसफसणारं यीस्ट डब्यात पडलं. देखणं होतं, तिच्या स्वतःच्या यीस्टहून देखणं. परतीच्या वाटेवर किलियानने झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

रात्री ते टाकीत पडलं. सकाळी फेस आला, नेहमीपेक्षा लवकर आणि नेहमीपेक्षा उंच. बेर्टल खूश झाला. हेडविग टाकीजवळ नुसती हुंगत उभी राहिली. डोर्शांच्या टाकीला या दिवसांत भिजल्या पावाचा आणि किंचित गंधकाचा वास यायचा, लहान असताना ती त्या वासाने नाक दाबायची. आता कसलाच वास नव्हता. स्वच्छ. नुसतं स्वच्छ.

"बिघडली का?" बेर्टलने विचारलं.

"नाही ना," ती म्हणाली. "बिघडली असती तर ओतून दिली असती."

ऑगस्ट संपता संपता मंडप पडला. सॉसेज भाजायला लागली, बँड आला, तोडून आणलेल्या झाडाच्या शेंड्याला रंगीत फिती बांधून पोरांनी ते उभं केलं. पहिलं पिंप पाद्र्याने फोडलं. हेडविग नळाजवळ उभी होती, आणि मातीचा पहिला मग कुणी तोंडाला लावला की तिची नजर आपोआप त्याच्या चेहऱ्यावर जायची. ओळखतील, असं तिला वाटत होतं. कुणीतरी मग खाली ठेवेल आणि म्हणेल, हेडविग, हे काय गं, ही डोर्शांची नव्हे. तिला याची भीती होती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी काही बोललं नाही तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती त्याचीच वाट पाहत होती.

तिसऱ्या दिवशी श्मिटचा शोर्श आला. उभ्या आयुष्यात या माणसाने डोर्शांच्या बिअरला नावं ठेवली. हिच्या बापाच्या बिअरला कडवट म्हणायचा, हिच्या बिअरला गढूळ, आणि रोज संध्याकाळी तीन मग प्यायचा. त्याने मग भरून घेतला, घोट घेतला, मिशा पुसल्या, परत घोट घेतला.

"काय गं," तो म्हणाला, "यंदा जमली की तुला."

"काय जमली?"

"बिअर. कशी हलकी उतरते बघ. दुकानातल्यासारखी. तुझ्या बापाला आयुष्यभर सांगत होतो मी, त्याने ऐकलं नाही. तू ऐकलंस."

आजूबाजूचे हसले, मग पुढे झाले, भर म्हणाले. यंदा पिंपं पुरली, चौथ्या दिवशी तर एक शेवटी उरलं. रात्री मंडपवाल्या पोरांचा म्होरक्या तिच्याकडे आला, घामाघूम, टोपीत फूल खोचलेला, आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "टँकर रद्द, हेडविग मावशी. पुढच्या वर्षी पण तूच. फक्त हीच बिअर हवी हं, ती पूर्वीची नको."

किलियान कोपऱ्यातल्या बाकावर एकटा बसला होता. तेवढ्या सगळ्या लोकांत त्याच्याच मगातली बिअर अर्धी तशीच होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. जवळ येऊन काही बोलला असता तर तिने त्याला चार शिव्या तरी घातल्या असत्या, तेवढंच बरं वाटलं असतं. पण तो आला नाही.

"हो," हेडविग त्या पोराला म्हणाली. "हीच देईन."

मंडप तिचा राहिला होता, कढई वाचली होती. पुढच्या शुक्रवारी परत भट्टी लावायची होती आणि यीस्ट आणायला कुठे जायचं, हे आता तिला नीट माहीत होतं. कारखान्याच्या फाटकावरचा माणूस आता तिलाही ओळखत होता. तिने पुढचा मग नळाखाली धरला, तो भरून वाहायला लागला, बिअर मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली, तरी तिने नळ बंद केला नाही.